विसरलेला हप्ता

दिवाळीचा फराळ किती किलो करायचा, कुणाच्या लग्नात किती आहेर द्यायचा, मुलाची फी कोणत्या महिन्यात भरायची, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण घरातल्या सासूबाईंच्या आरोग्य विम्याचा हप्ता कोणत्या तारखेला असतो, असं विचारा बरं. बहुतेक जणी म्हणतील, "ते बाबाच बघायचे." आणि बाबांना जाऊन चार वर्षं झालेली असतात!

आमच्या भिवंडीत महिला मंडळाच्या कामानिमित्त मी घरोघरी फिरते. कामतघर, पद्मानगर, गोकुळनगर, धामणकर नाक्याच्या मागच्या जुन्या चाळी. रेशन कार्ड, विधवा पेन्शन, आधार कार्डातलं चुकलेलं नाव अशी आमची कामं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत एक वेगळाच कागद वारंवार पुढ्यात येऊ लागलाय. पत्र्याच्या ट्रंकेतून, देवघराच्या खणातून, गादीखालून निघालेली म्हाताऱ्या माणसाची बंद पडलेली पॉलिसी. आणि त्या कागदासोबत नेहमीचाच प्रश्न, "ताई, दंड भरला की परत सुरू होईल ना?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. म्हणूनच आज हा विषय.

आधी हप्ता चुकतो कसा ते बघू. आपण पटकन म्हणतो, "म्हातारपणी विसरतात." खरंच विसरतात. पण नुसतं विसरणं हे कारण नसतं. आमच्याकडे कित्येक जुन्या चाळी पाडून इमारती झाल्या. पत्ता बदलला, कंपनीला कुणी कळवला नाही. आठवणीचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि तिथं आता बांधकामाची भिंत असते. एसएमएस येतो तो गेलेल्या सासऱ्यांच्या नंबरावर, आणि ते सिमकार्ड कधीच बंद झालेलं असतं. ज्या एजंटानं पॉलिसी दिली त्यानं धंदा सोडलेला असतो. पॉलिसीचा कागद इंग्रजीत, आणि घरातल्या आजीला वाचता येतं ते मराठी, नाहीतर तेलुगू, नाहीतर उर्दू. त्यात माग बंद, पगार अर्धा, असा एखादा महिना आला की आधी वीजबिल भरलं जातं, मग किराणा, मग फी. म्हातारीच्या विम्याचा नंबर शेवटी.

एक घर सांगते. सासूबाई ७४ वर्षांच्या. सासरे हयात असताना त्यांनीच बायकोचा आरोग्य विमा उतरवला होता आणि तेरा वर्षं एकदाही हप्ता चुकला नव्हता. ते गेल्यावर सासूबाई स्वतः मुलाला आठवण करायच्या. पुढं त्यांना विसर पडायला लागला. जेवल्या की नाही हेच आठवेना, तिथं हप्ता कुठला आठवायला! सुनेला ट्रंकेत न फोडलेला लिफाफा सापडला तेव्हा तारीख उलटून ४८ दिवस झाले होते. काउंटरवरच्या माणसानं शांतपणे सांगितलं, "मुदत संपली. नवीन फॉर्म भरा."

वरकरणी साधं वाटतं ना? नवीन तर नवीन. पण इथंच खरी मेख आहे.

आयुर्विमा आणि आरोग्य विमा या दोघांचं बंद पडणं वेगवेगळं असतं. आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर सवलतीची मुदत मिळते. मासिक हप्त्याला १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवस. या मुदतीत विम्याचं संरक्षण चालू राहतं. त्यानंतर पॉलिसी बंद पडली तरी ती पुन्हा चालू करता येते. साध्या पॉलिसीला पहिला हप्ता थकल्यापासून पाच वर्षं आणि शेअरबाजाराशी जोडलेल्या युलिपला तीन वर्षं, असा नियम २०१९ पासून आहे. थकलेले हप्ते, त्यावरचं व्याज, तब्येत चांगली असल्याचं लेखी निवेदन आणि कंपनीनं मागितल्या तर वैद्यकीय तपासण्या, एवढं त्याला लागतं.

आरोग्य विम्याचं तसं नाही. त्याचा करार सहसा वर्षाचा. तारखेनंतर सवलतीचे ३० दिवस मिळतात, मासिक हप्ता असेल तर १५. त्या दिवसांत पैसे भरले तर मागची सलग वर्षं शाबूत राहतात. पण वार्षिक हप्ता असेल तर तारीख उलटल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत दवाखान्यात जायची वेळ आली, तर तो खर्च मिळत नाही. आणि ३० दिवसही गेले, तर पॉलिसी पुन्हा चालू करून घेणं हा आपला हक्क उरत नाही. मग नवी पॉलिसी.

नवी पॉलिसी म्हणजे सगळं पहिल्यापासून. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. २०२४ च्या एप्रिलपूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत होती. आता ७४ वर्षांच्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या बाईनं आणखी तीन वर्षं थांबायचं? तिला विमा लागणार तो याच तीन वर्षांत! शिवाय पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की नंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "तुम्ही अमुक आजार लपवला" म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. नव्या पॉलिसीत ही पाच वर्षंही पुन्हा पहिल्यापासून मोजायची. ६५ नंतर नवी पॉलिसी काढण्यावरची वयाची अट २०२४ मध्ये निघाली हे खरं, पण किती हप्ता घ्यायचा आणि पॉलिसी द्यायची की नाही, हे शेवटी कंपनीच ठरवते.

म्हणजे ४८ दिवसांच्या विसरण्यानं तेरा वर्षांची पुण्याई धुऊन निघाली.

त्या सुनेनं हार मानली नाही. आम्ही दोघींनी बसून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. तेरा वर्षांच्या पावत्यांच्या झेरॉक्स लावल्या. सासूबाईंच्या विसराळूपणाबद्दल डॉक्टरांचं प्रमाणपत्र लावलं. मधल्या दिवसांचा कोणताही खर्च मागणार नाही, फक्त मागची सलगता द्या, असं स्पष्ट लिहिलं. महिनाभर उत्तर नाही. मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा'वर तक्रार नोंदवली. १५५२५५ या नंबरावर फोन करूनही ती नोंदवता येते. तीन आठवड्यांनी कंपनीचा फोन आला. उशीर माफ करून, मागची वर्षं धरून नूतनीकरण करायला ते तयार झाले.

आनंद झाला. पेढेही खाल्ले. पण घरी येताना मनात एकच विचार होता. हे त्या माउलीला हक्कानं मिळालं नाही, मेहेरबानीनं मिळालं. दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या साहेबापुढं, पत्र लिहून देणारं कुणी नसलेल्या बाईला हे मिळेलच असं नाही. आणि माझं म्हणणं हेच आहे. म्हातारपणाच्या आजारानं विमा बंद पडत असेल, तर तो परत चालू करण्याचा नियम हवा. मेहेरबानी नको.

अशक्य काही मागतेय का मी? अमेरिकेत म्हातारपणीच्या दीर्घकाळ देखभालीसाठी वेगळा विमा असतो. तिथं बऱ्याच राज्यांत दोन साध्या तरतुदी आहेत. एक, पॉलिसी घेताना घरच्या किंवा बाहेरच्या आणखी एका माणसाचं नाव देता येतं आणि हप्ता चुकला तर पॉलिसी बंद करण्याआधी त्यालाही कळवावं लागतं. दोन, विमाधारकाचा विसरण्याचा आजार किंवा परावलंबन यामुळं हप्ता चुकला, असं दाखवता आलं, तर पाच महिन्यांच्या आत थकलेले पैसे भरून पॉलिसी परत चालू करता येते. किती साधी गोष्ट! ज्या आजारासाठी विमा उतरवला, त्याच आजारामुळं तो बुडू नये, एवढाच त्यामागचा विचार.

आपल्याकडं विमा कायदा १९३८ चा. त्याच्या कलम ५० प्रमाणं आयुर्विम्याचा हप्ता थकल्यावर तीन महिन्यांच्या आत पॉलिसीधारकाला त्याच्यापुढचे पर्याय कळवायचे असतात. पण ते पर्याय पॉलिसीतच छापलेले असतील तर तेवढीही सक्ती नाही. आणि कळवायचं कुणाला, तर ज्याला आठवत नाही त्यालाच!

आता दुसरी बाजू. ती आपल्या घराची आहे आणि ती बोलायला जरा अवघड.

आयुर्विमा परत चालू करताना तब्येतीचं निवेदन द्यावं लागतं. एका घरी पन्नाशी ओलांडलेल्या दिरांची पॉलिसी बंद पडली होती. मधल्या काळात त्यांना मधुमेह निघाला. फॉर्म भरायला आलेला माणूस म्हणाला, "साखरेचं कशाला लिहिता? उगाच तपासण्या लागतील." घरातलेही म्हणाले, लिहू नका, कोण बघतंय? मी म्हटलं, लिहा. वहिनी थोडी रागावलीच माझ्यावर.

पण कारण ऐका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणं तीन वर्षं झाल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कंपनीला शंका घेता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे अगदी स्पष्ट आहे. मात्र ही तीन वर्षं पॉलिसी परत चालू केल्याच्या तारखेपासून नव्यानं मोजतात. म्हणजे वीस वर्षं जुनी पॉलिसी असली तरी पुन्हा चालू करताना खोटं लिहिलं आणि दोन वर्षांत माणूस गेला, तर त्या निवेदनाचाच कागद कंपनी आपल्यापुढं ठेवते. तेव्हा तो सल्ला देणारा माणूस कुठंच नसतो. उंबऱ्यात बसलेली असते ती बाईच. साखर लिहिली तर फार तर हप्ता वाढेल किंवा कंपनी नाही म्हणेल. लपवली तर हप्तेही जातील आणि दावाही.

"मग प्रत्येक बंद पॉलिसी परत चालू करावी का?" नाही हो. हिशेब मांडावा. समजा एक लाखाची, वीस वर्षांची पॉलिसी आहे आणि बारा वर्षं हप्ते भरलेत. पुढं एक पैसाही भरला नाही तरी ती शून्य होत नाही. पेड-अप होते. म्हणजे वीसातल्या बारा हप्त्यांच्या प्रमाणात साठ हजारांची रक्कम आणि तोवर जमा झालेला बोनस मुदतीनंतर मिळतो. थकबाकी आणि व्याज भरायला सोनं गहाण ठेवावं लागत असेल, तर घाई करू नये. एलआयसीमध्ये हप्त्याहप्त्यानं थकबाकी भरून किंवा त्याच पॉलिसीवर कर्ज काढून ती चालू करायची सोय असते. अधूनमधून विलंब शुल्कात सवलतीची मोहीमही निघते, पण तेव्हाही तब्येतीच्या अटी माफ होत नाहीत. शाखेत जाऊन लेखी विचारा, "आज चालू केली तर किती भरायचे आणि नाही केली तर किती मिळतील?" हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की निम्मा निर्णय तिथंच होतो.

आणि कुणी म्हणालं की "जुनी सोडा, ही नवी घ्या", तर जरा थांबा. नव्या आयुर्विम्याच्या पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर एजंटाला जास्त कमिशन मिळतं. नवी घेतलीच आणि पटली नाही, तर कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हेही लक्षात असू द्या.

ज्यांची आरोग्य पॉलिसी हातची गेलीच, त्यांनी डोक्याला हात लावून बसू नये. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यातल्या उपचारांचं संरक्षण आहे. त्याचं 'वय वंदना' कार्ड आधारवर निघतं. खासगी विमा असला तरी ते काढता येतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. पण दोन्ही योजना यादीतल्या रुग्णालयांतच चालतात. म्हणून आपल्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, ते आजारी पडायच्या आधी विचारून ठेवायचं. मध्यरात्री रिक्षात बसल्यावर नाही.

एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट उरतेच. आजी दवाखान्यातून घरी आली की पुढं काय? हाड मोडलेलं, उठता येत नाही, रात्री तीनदा चादर बदलायची, भरवायचं, पुसायचं, गोळ्या द्यायच्या. आपल्याकडचा आरोग्य विमा मुख्यतः दवाखान्यातल्या उपचारांचा. घरी येण्याआधीचे आणि नंतरचे काही दिवस औषधांचे पैसे मिळतात, पण महिनोन् महिने घरात लागणाऱ्या मावशीचे, डायपरचे, खाटेचे पैसे सहसा कोणत्याच पॉलिसीत नसतात. जर्मनीनं १९९५ मध्ये आणि जपाननं २००० मध्ये या देखभालीसाठी सार्वजनिक विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीनंतर प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. आपल्याकडं तो हप्ता कोण भरतं? सून भरते. लेक भरते. नोकरी सोडून, शिवणकाम बंद करून, स्वतःची पाठदुखी अंगावर काढून भरते. त्याची पावती मिळत नाही, एवढंच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरची माणसं दहा कोटींहून जास्त होती. एवढ्या जणांची देखभाल घरातल्या बाईच्या जिवावर किती वर्षं ढकलायची, हा प्रश्न आपणच विचारायला हवा. दुसरं कुणी विचारणार नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक ज्येष्ठाच्या पॉलिसीवर आणखी एका माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर सक्तीनं घ्या आणि हप्ता चुकला की आधी त्याला कळवा. दुसरी, डॉक्टरांनी विसरण्याचा आजार किंवा परावलंबन लिहून दिलं असेल, तर किमान सहा महिने मागची सलगता न मोडता आरोग्य पॉलिसी चालू करून द्या. तिसरी, पॉलिसीसोबत एक पान मराठीत द्या. त्यावर फक्त तारीख, रक्कम, फोन नंबर आणि "चुकलं तर काय" एवढंच असू द्या. कंपनीला यात काय खर्च येणार? एका कागदाचा.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर आपलं घर आपण सांभाळू. या रविवारी स्वयंपाक उरकला की सासू-सासरे, आई-वडील यांच्यापाशी बसा. "तुमच्या मागं आम्हाला किती मिळणार?" असा सूर लागू देऊ नका, फार लागतं ते त्यांना. "तुमची औषधं-दवाखाना अडू नये म्हणून बघूया," असं म्हणा. सगळे कागद एका पिशवीत आणा. शंभर पानी वहीत पॉलिसी नंबर, कंपनी, तारीख, रक्कम आणि वारसाचं नाव लिहा. कंपनीला तुमचा आताचा पत्ता आणि घरातल्या दोघांचे मोबाइल नंबर लेखी कळवा आणि पोच घ्या. शक्य असेल तर बँकेतून आपोआप हप्ता जाईल अशी सोय करा, पण त्या तारखेला खात्यात पैसे आहेत ना, हे आठवडाभर आधी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पावतीवर तो लावलाय का, तेही तपासा.

आणि चुकलंच, तर काउंटरवरच्या पहिल्या "नाही"वर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. तिथं फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात. फक्त वर्षभराच्या आत जायचं. त्यांचा पत्ता तुमच्या पॉलिसीच्या कागदावरच असतो.

आपल्या आयांनी डाळीच्या डब्यात पैसे लपवून संसार तारले. आता डबा बदललाय, तो कागदाचा झालाय आणि त्याला तारीख असते. ती तारीख घरातल्या एका तरी बाईला पाठ असायला हवी. बघा, तुमच्या घरात ती कोणाला पाठ आहे?